वाइड-आइड
वाइड-आइड : भाबडा, निरागस विस्मय दर्शविणारे इंग्रजी विशेषण. शब्दशः अर्थ ‘डोळे विस्फारलेला’. ‘आश्चर्याने वा भीतीने डोळे मोठे झालेला’ हा शारीरिक अर्थ आधीचा. त्यावरून ‘जगाचा अनुभव नसलेला, चटकन विश्वास ठेवणारा’ हा लाक्षणिक अर्थ आला असावा. लिखित वापराचा आरंभ कोणी अठराव्या शतकाच्या अखेरीस, तर कोणी एकोणिसाव्याच्या मध्यास मानतात.

रचनेच्या दृष्टीने हा बहुव्रीहि समास आहे. संस्कृत व्याकरणातील ही संज्ञा पाश्चात्त्य भाषाशास्त्रानेही स्वीकारली आहे. ‘त्रिनेत्र’ म्हणजे तीन डोळे नव्हेत, तीन डोळे असलेला, तसेच येथे. फरक इतकाच, की इंग्रजीत अखेरीस ‘-एड’ हा प्रत्यय लागतो. हा प्रत्यय भूतकालवाचक धातुसाधिताचा आहे, असा समज सहज होतो, कारण ‘आय’ हे ‘न्याहाळणे’ या अर्थी क्रियापदही आहे. मात्र प्राचीन इंग्रजीत नामापासून विशेषण बनविणारा ‘-एडे’ हा प्रत्यय स्वतंत्रपणे आढळतो. ‘एका डोळ्याचा’ या अर्थाचा शब्द तर त्या भाषेत प्रत्ययासह आणि प्रत्ययाविना, असा दोन्ही प्रकारे मिळतो. त्यामुळे ‘वाइड-आइड’मधील प्रत्यय नामसाधित मानणे अधिक सयुक्तिक.

‘वाइड’चा अर्थ येथे ‘रुंद’ की ‘सताड उघडे’? दुसरा अर्थ अधिक जुळतो; विशेषण डोळ्यांच्या आकाराविषयी नसून त्यांच्या क्षणिक अवस्थेविषयी आहे. ‘वाइड-अवेक’ या शब्दातही ‘पूर्णपणे’ हीच छटा आहे. अर्थ मात्र उलट दिशांना गेले : वाइड-अवेक माणूस सावध, तर वाइड-आइड माणूस बेसावध.

आश्चर्यात भुवया वर जाऊन डोळे विस्फारतात, याची चर्चा चार्ल्स डार्विन यांनी 1872 मध्ये भावनाभिव्यक्तीवरील ग्रंथात केली आहे. भुवया उचलल्याने डोळे झटकन व पूर्ण उघडतात आणि आश्चर्याचे कारण लवकर दिसते, असे त्यांचे स्पष्टीकरण.

लहान मुलाविषयी वापरल्यास शब्दात कौतुक असते. प्रौढाविषयी, विशेषतः त्याच्या आशावादाविषयी वापरल्यास सौम्य टीका. ‘स्टारी-आइड’ जवळचा, पण त्यात स्वप्नाळूपणा अधिक. मराठीत ‘भाबडा’ म्हटले की विस्मय सुटतो, ‘विस्मयचकित’ म्हटले की भोळेपणा. संदर्भानुसार ‘भाबड्या कुतूहलाचा’ किंवा ‘डोळे विस्फारून पाहणारा’ असा अनुवाद करणे बरे.