उमामी चाचणीचा रिपोर्ट कसा वाचाल?

सूप पावडर, सॉस किंवा मसाल्याचा नमुना घेऊन येणारे ग्राहक बहुधा एकच विचारतात, "यात अजिनोमोटो किती आहे तेवढं सांगा." अजिनोमोटो म्हणजे ग्लुटामेटचं मीठ; पदार्थातलं एकूण ग्लुटामेट आम्ही मोजून देतो. त्यासाठी ग्लुटामेट ऑक्सिडेज हे एन्झाइम लावलेला इलेक्ट्रोड पुरतो. पण तुमचा पदार्थ जिभेला किती उमामी, म्हणजे रश्श्यासारखा भरीव चवीचा, लागेल, हे त्या आकड्यावरून ठरत नाही. म्हणून रिपोर्टात पेशींवर मोजलेल्या उमामीचा दुसरा आकडा असतो आणि आमच्या मते तोच जास्त कामाचा आहे.

१९०८ साली टोकियोत किकुनाए इकेदा यांनी कोम्बू या समुद्री शेवाळापासून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्याच्या चवीला उमामी हे नाव दिलं. पुढे १९१३ मध्ये शिंतारो कोदामा यांना सुकवलेल्या बोनिटो माशात इनोसिनेट हे उमामी चवीचं दुसरं द्रव्य सापडलं. ग्लुटामेट आणि इनोसिनेट एकत्र आले की चवीची नुसती बेरीज होत नाही, ती कितीतरी पटींनी वाढते. कोंबडीच्या रश्श्यात टोमॅटो घातला की चव एकदम भरते ती यामुळेच. टोमॅटोत ग्लुटामेट असतं, मांसात इनोसिनेट.

असं का होतं, ते रिसेप्टर, म्हणजे जिभेवरची चव ओळखणारी प्रथिनं, सापडल्यावर उलगडलं. २००२ मध्ये दाखवून दिलं गेलं की टी१आर१ आणि टी१आर३ ही दोन प्रथिनं जोडीने उमामी ओळखतात. टी१आर१चा बाहेरचा भाग शिंपल्यासारखा उघडतो आणि मिटतो. ग्लुटामेट आत बिजागरीपाशी बसलं की शिंपला मिटतो. इनोसिनेट त्याच्या तोंडाशी बसून तो मिटलेलाच धरून ठेवतं, त्यामुळे थोड्या ग्लुटामेटनेही संदेश जोरात जातो. एन्झाइमच्या इलेक्ट्रोडला यातलं काहीच दिसत नाही, कारण तो फक्त ग्लुटामेट मोजतो.

म्हणून आम्ही हीच मानवी जोडी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर बसवतो. पदार्थाचा गाळलेला, पातळ केलेला अर्क त्यांवर सोडला आणि रिसेप्टर जागा झाला की पेशीत कॅल्शियम वाढतं आणि आत भरलेलं रंगद्रव्य हिरवं चमकतं. ती चमक आम्ही मोजतो. उंदराचे रिसेप्टर यासाठी चालत नाहीत. ते बऱ्याच अमिनो आम्लांना प्रतिसाद देतात, माणसाचे मुख्यतः ग्लुटामेट आणि अ‍ॅस्पार्टेटला.

आपल्या मसाल्यांची खरी अडचण हळदीची आहे. त्यातला कर्क्युमिन निळ्या प्रकाशात स्वतःच हिरवट चमकतो आणि चव नसताना चव असल्याचा भास होतो. यीस्ट अर्काचं वेगळंच. त्यातली काही द्रव्यं पेशींवर आधीपासून असलेल्या दुसऱ्याच रिसेप्टरांना जागं करू शकतात. म्हणून प्रत्येक नमुना आम्ही उमामी रिसेप्टर न बसवलेल्या पेशींवरही तपासतो. शिवाय टी१आर३ला अडवणारं लॅक्टिसोल घालून चमक खरंच उतरते का, ते पाहतो. न उतरणारी चमक आम्ही उमामी म्हणून धरत नाही, मग आकडा कितीही खाली येवो. तुम्हाला दिलेला आकडा ही सगळी वजाबाकी करूनच आलेला असतो.

या पेशींना नाक नाही. फोडणीचा वास, तिखटाचा झणका, दाटपणा यांबद्दल त्या काही सांगत नाहीत. चाखणारी माणसं तुम्हाला लागतीलच.

टोमॅटोतलं ग्लुटामेट आणि वरून घातलेलं, हे दोन्ही रिसेप्टरला सारखेच. त्यामुळे "वरून घातलंय का?" याचं उत्तर या चाचणीतून मिळत नाही.

नमुना देताना घटकांची पूर्ण यादी द्या. त्यात ६२७, ६३१ किंवा ६३५ यांपैकी कोणता घटक-क्रमांक असेल तर तो जरूर लिहा, कारण त्या आकड्यांमागे इनोसिनेट आणि त्याच्यासारखंच उमामी वाढवणारं ग्वानिलेट असतं. जमल्यास त्याच मसाल्याचा हळद न घातलेला थोडा नमुना वेगळा आणा. माशाचा किंवा मांसाचा अर्क असेल तर गोठवूनच पाठवा. नुसता ठेवला तर त्यातलं इनोसिनेट हळूहळू मोडत जातं आणि आमच्या हाती येईपर्यंत तुमच्या कढईतली चव उरलेली नसते.