हातभार (घरदुरुस्तीतला), सोलापूर

घराची दुरुस्ती निघाली की मजूर न लावता भाऊबंद, पाव्हणे, शेजारी, दोस्त यांना बोलवायचं, काम उरकायचं आणि जेवू घालून पाठवायचं, ही पद्धत सोलापूर शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत सर्रास आहे, पण तिला ठरलेलं असं एक नाव नाही. "जरा हात लावायला ये की" एवढ्यावर भागतं. हातभार हा शब्द इथे नोंदीच्या सोयीसाठी घेतलाय. कोण कुणाला बोलवतं, कधी बोलवतं हे वाचणाऱ्याला माहीतच असणार, म्हणून इथे जास्त भर उगमावर आणि छपरावर आहे. छपरावर का, तर या भागात छप्पर बदललं तशी मदतीची रीतही बदलत गेलेली दिसते.

उगमाबद्दल दोन-तीन मतं आहेत. एक मत असं की हे इर्जिकीचंच घरगुती रूप. इर्जिक म्हणजे एका शेतकऱ्याच्या रानात गावातल्या सगळ्यांनी आपापले बैल-औत घेऊन एका दिवसात काम संपवायचं, आणि त्यानं सगळ्यांना जेवण घालायचं, बास, हिशोब तिथंच मिटला. दुसरं मत सावडीचं. सावडीत आज तुझ्याकडे उद्या माझ्याकडे असा फेर असतो, आणि कुणाचे किती दिवस झाले हे तोंडानं नाही बोललं तरी डोक्यात पक्कं असतं. घरकामातही शेवटी जेवण असतं म्हणून बरेच जण इर्जिक म्हणून मोकळे होतात, पण जेवून गेलेला माणूस पुढच्या उन्हाळ्यात स्वतःच्या घरी बोलवतो आणि तेव्हा न जाणं वाईट दिसतं, हे बघितलं तर सावडीकडचं पारडं जड वाटतं. दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोटकडं कानडी घरांत 'मुय्यी' हा शब्द आहे, तो परत करायच्या श्रमालाही चालतो आणि लग्नातल्या परतीच्या आहेरालाही, आणि खरं सांगायचं तर मराठीतल्या दोन्ही शब्दांपेक्षा तो इथल्या रीतीला जास्त नेमका बसतो.

तिसरं मत सोलापूरचं ग्रामदैवत असलेल्या सिद्धरामेश्वरांपर्यंत जातं. बाराव्या शतकात सोन्नलगीत (म्हणजे आजच्या सोलापुरात) त्यांनी भक्तांच्या श्रमातून तलाव खोदला अशी परंपरा आहे, आणि त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेत ही गोष्ट हमखास निघते. श्रद्धा म्हणून ठीक आहे. पण सगळ्यांसाठी तलाव खोदणं वेगळं आणि एकाच्या घराची गळती काढणं वेगळं, आणि दोन्हींना सलग जोडणारा पुरावा दाखवला जात नाही, तेव्हा हे मत जरा जपूनच घ्यावं.

छपरांपैकी माळवदाबद्दल सविस्तर सांगायला हवं. माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर. खाली खांब आणि तुळया, तुळयांवर किलचनं म्हणजे लाकडाचे आखूड तुकडे, त्यावर निंबाचा पाला किंवा तुराट्या, त्यावर माती आणि सगळ्यात वर पांढरी किंवा खारी मातीचा थर, उतार पन्हाळाकडे. पांढरी म्हणजे बहुतेक ठिकाणी जुन्या मोडलेल्या वस्तीचा ढिगारा, त्यामुळे गावानं कित्येक पिढ्या आपल्याच पूर्वजांची घरं खणून स्वतःच्या डोक्यावर घातली असं म्हणायला हरकत नाही (धाराशिव जिल्ह्यातल्या तेरसारख्या जुन्या गावांच्या पांढरीत काय काय निघतं हे पुराणवस्तूवाल्यांना चांगलं माहीत आहे). माती दरवर्षी नाहीतर एक-दोन वर्षांआड मृगाच्या आत टाकायला लागायची आणि हे एकट्याचं काम नव्हतंच, कुणी खणायला, कुणी बैलगाडीला, कुणी शिडीवर घमेली वर द्यायला, वर एक जाणता माणूस पसरायला आणि चोपायला. गळती नेमकी कुठं आहे हे शोधायची एक साधी युक्ती होती, खाली घरात एकानं डाग पडलेल्या जागी काठीनं ठोकायचं आणि वरच्यानं कान देऊन तिथं खूण करायची, मग उंदराचं बीळ निघायचं नाहीतर गवताची मुळी.

याच मदतीतला एक दोष मात्र दुर्लक्ष करण्यासारखा नाही. जाणता माणूस वर असला तर तो आधी जुना थर खरवडून घ्यायचा. नसला तर आलेली पोरं जुन्यावरच नवीन ओतून मोकळी व्हायची, दहा-पंधरा वर्षांत छप्पर जाडजूड, उन्हाळ्यात गारवा छान पण भिंती मात्र दगड-मातीच्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-धाराशिव भागात हजारो माणसं गेली त्याचं एक मोठं कारण ही जड माळवदं आणि तसल्या भिंती होतं. धक्का सोलापूरकडंही जाणवला होता. त्यानंतर या पट्ट्यात पत्रा आणि स्लॅबकडे ओढा वाढला, नुसत्या भूकंपामुळे असं नाही म्हणता येणार, लाकूड महागलं आणि माती आणणारे हातही कमी झाले हेही आहेच.

पत्र्याला माणसं कमी लागतात, दोघं वर, एक खाली. वळवाच्या वाऱ्यानं पत्रा उचलला की त्याच संध्याकाळी फोन जातो, "कुठायस बे, घरी ये की जरा." वर चढणाऱ्यानं पाय हुकांच्या ओळीवर टाकायचा, कारण खाली आधाराचं आडवं लाकूड नाहीतर लोखंड तिथंच असतं, मधे टाकला तर पत्रा दबतो. भोक नालीच्या उंचवट्यावर पाडायचं, खोलगट भागात नाही, नाहीतर पहिल्याच पावसात थेंब सुरू. मेव्हण्यानं चुकीच्या जागी पाडलेलं भोक डांबरपट्टी लावून बुजवता येतं, पण त्याला ते बोलून दाखवता येत नाही.

स्लॅबला हातभार जवळपास संपतो. सिमेंट कालवल्यावर वेळ हाती थोडाच असतो, तिथं गवंडी, सेंट्रिंगवाला आणि त्यांचीच माणसं लागतात, पाव्हण्यांनी चहा द्यावा आणि लांब थांबावं. नंतर मात्र त्यांची गरज पडते. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला कमीत कमी ७ दिवस आणि कोरड्या कडक उन्हात १० दिवस पाणी मारावं लागतं, आणि सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, म्हणून ज्याच्या घरी हौद भरलेला आहे त्या शेजाऱ्याशी आधी बोलून ठेवणं हे स्लॅबच्या तयारीतच धरायचं.

सोलापुरात १८७७ मध्ये 'जुनी गिरणी' म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी सुरू झाली आणि मग गिरण्यांभोवती चाळी वाढल्या, पूर्व भागात मागाची घरं. तिथली दुरुस्ती म्हणजे बहुतेक चुना मारणं, कौलं फिरवणं, मोरीची फरशी बसवणं. बायकांचं सारवण-लिंपण हा या पद्धतीचा मोठा हिस्सा, पण लिहिणाऱ्यांनी ते कायम घरकामातच मोजलं.

मागायची रीत अशी की सरळ "काम आहे" म्हणायचं नाही. आधी गळतीची तक्रार सांगायची, समोरचा "मग रविवारी बघू की" म्हणेपर्यंत थांबायचं. दाजींना सांगायचं असेल तर बहिणीकडून, मामांना स्वतः जाऊन. मजुरी विचारणं अपमान, पण प्लंबिंग किंवा लाईटचं काम येणाऱ्या मित्राला सामानाचे पैसे आधीच द्यावेत, तो नको म्हणाला तरी खिशात कोंबावेत. जेवणात मटण असेल तर माणसं वेळेवर येतात, नुसती कडक भाकरी आणि शेंगाचटणी असली तरी येतात, पण दहा वाजता. ड्रिल मशीन गल्लीत एखाद्याकडंच असतं, आणि ते न्यायला गेलं की बऱ्याचदा मशीनसोबत मालकही येतो, कारण मागच्या वेळी कुणीतरी बिट मोडून दिलेलं असतं.