आणा आणि पैसा: डीबगरमधले दोन फिक्स्ड-पॉइंट

हिंजवडीच्या आमच्या ऑफिसात एका नव्या मुलाने बग नोंदवला: "डीबगर चुकीची किंमत दाखवतो." एडा भाषेत त्याने फिक्स्ड-पॉइंट टाइप घेतला होता, डेल्टा (दोन शेजारच्या किमतींमधलं चालणारं अंतर) ०.१. व्हेरिएबलमध्ये ०.१ ठेवले आणि जीडीबीने, म्हणजे चालत्या प्रोग्रॅममध्ये डोकावून किमती दाखवणाऱ्या आमच्या डीबगरने, दाखवले ०.१२५. कंपायलरने वॉर्निंग दिली होती, पण वॉर्निंग वाचतो कोण!

माझ्या टेबलावर जुन्या बाजारातून आणलेला एक आणा आहे, कंगोरेदार कडेचा. तो त्याच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "तू पैशात मोजतोयस, मशीन आण्यात मोजतंय."

फिक्स्ड-पॉइंट म्हणजे मेमरीत साधा पूर्णांक. त्याला कशाने गुणायचं ते टाइप सांगतो, आणि त्या गुणकाला एडात 'स्मॉल' म्हणतात. गोंधळ इथेच होतो, कारण साधी डेल्टा म्हणजे स्मॉल नव्हे. डेल्टा ०.१ म्हटलं की एडाचा जीनॅट कंपायलर त्याहून मोठा नसलेला सर्वांत मोठा दोनाचा घात शोधतो, म्हणजे १/१६. रुपयाचा सोळावा भाग, आणा! मग ०.१ या टाइपमध्ये बसतच नाही. एका बाजूला ०.०६२५ आहे, दुसऱ्या बाजूला ०.१२५, मध्ये काही नाही. डीबगर खरं तेच सांगत होता.

दुसरा प्रकार दशमान. एडात 'डेल्टा ०.०१ डिजिट्स ८' असं लिहिलं की स्मॉल नेमका ०.०१, म्हणजे पैसा. यात ०.१ म्हणजे मेमरीतले १०, कसलीही कुरकुर न करता. उलट ०.०६२५ यात बसत नाही. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा लोकांनी हेच भोगलं. एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे, म्हणून तक्त्यात सहा, आणि तीन आण्यांना एकोणीस. एकेक करून तीन आणे बदलून घेतले तर अठराच हाती यायचे. पूर्णांकात आणणं आधी की बेरीज आधी, हा प्रश्न कॉम्प्युटरने आणलेला नाही.

बाहेरून दोन्ही टाइप सारखेच दिसतात. डीबगरला फरक कळतो तो ड्वार्फ या डीबग माहितीच्या फॉरमॅटमधून. डिसेंबर २००५ च्या त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत तीन वेगळे गुणधर्म आहेत: बायनरी स्केल, डेसिमल स्केल आणि स्मॉल. पहिले दोन अनुक्रमे दोनाचा आणि दहाचा घातांक सांगतात: आण्याला उणे चार, पैशाला उणे दोन. तिसरा थेट गुणक सांगतो. २०२१ च्या जीडीबी ११ पासून हे सगळं थेट ड्वार्फमधून वाचता येतं. त्याआधी जीनॅट ही माहिती टाइपच्या नावाला शेपूट जोडून पाठवायचा, आणि जीडीबी ते शेपूट उलगडत बसायचा.

आता डीबगर हे नीट वाचतो का, त्याची टेस्ट. पहिला मोह असतो ०.५ आणि ०.२५ चा. आठाणे-चाराणे दोन्ही पद्धतींत नेमके बसतात, फ्लोटमध्येही (मशीनचे नेहमीचे, अंदाजे ठेवले जाणारे अपूर्णांक) बसतात. डीबगरने स्केल वाचलं की नाही एवढं त्यातून कळतं. आत कुठे गुपचूप फ्लोटमध्ये गणित केलंय का, ते कळत नाही. त्यासाठी मला पै आवडते. रुपयाच्या १९२ पै. १९२ हा ना दोनाचा घात, ना दहाचा, म्हणून इथे तिसरा गुणधर्मच लागतो, आणि १/१९२ डबलमध्येही, म्हणजे दुप्पट लांबीच्या फ्लोटमध्येही, नेमका मावत नाही. जीडीबीला यासाठी जीएमपी ही लायब्ररी लागते, ती अपूर्णांक अंश-छेदातच ठेवते.

ऋण संख्या विसरू नका. सोळा बिटांच्या पैशात सगळे बिट एक असले तर चिन्हासह वाचल्यावर −०.०१, चिन्हाविना ६५५.३५.

सर्वांत फसवी टेस्ट 'सेट' करून लगेच 'प्रिंट' करण्याची. समजा डीबगर स्केलकडे पूर्ण दुर्लक्ष करतो. तुम्ही ५ लिहिलेत, त्याने मेमरीत ५ ठेवले, वाचताना ५ दाखवले. टेस्ट हिरवी! हिशेब लिहिणारा आणि तपासणारा एकच असेल तर वही नेहमी जुळते. म्हणून मधला कच्चा आकडा 'एक्स' कमांडने मेमरीतून बघायचाच: आण्याच्या टाइपमध्ये ५ लिहिल्यावर तिथे ८० हवेत, पैशाच्या टाइपमध्ये ५००.

आणा अधिक पैसा? ०.०७२५, जो दोघांतही बसत नाही. निकाल कुठल्या टाइपचा, हे अपेक्षित उत्तर लिहिण्याआधीच ठरवा, नाहीतर टेस्ट चालवून जे येईल तेच "अपेक्षित" म्हणून चिकटवलं जातं. आम्ही ते केलंय.

जाता जाता एक. मोटर कंट्रोलच्या सी कोडमधला 'क्यू१५' (अपूर्णांक ३२७६८ ने गुणून ठेवलेला) यात मोजू नका. सीमसिस-डीएसपी या आर्मच्या लायब्ररीत तो नुसता सोळा बिटांच्या इंटचा टायपडेफ, म्हणजे दुसरं नाव, आहे. स्केल प्रोग्रॅमरच्या डोक्यात, ड्वार्फमध्ये त्याचा पत्ता नाही. अर्धा असेल तर जीडीबी १६३८४ दाखवणार, आणि त्याचं बरोबरच आहे. डीबगरमधून त्यात ०.५ लिहून पाहा: तो तक्रार न करता शून्य ठेवतो.