दहावीच्या सवलती आणि अध्ययन अक्षमता: व्यवस्था उलट्या टोकाने कशी उभी राहिली

मुंबईत मूकबधिरांची शाळा १८८०च्या दशकातच निघाली, मतिमंद मुलांसाठी जय वकील शाळा १९४४मध्ये आणि पुण्याची कामायनी १९६४मध्ये. महाराष्ट्रातली विशेष शिक्षणाची परंपरा अशी विशेष शाळांची आहे. साध्या हायस्कुलात बसणारा, दिसायला-ऐकायला अडचण नसलेला, तोंडी उत्तरं चटकन देणारा पण ‘प्रकाश’ला ‘परकाश’ लिहिणारा, नववीतही वजाबाकीत हातचा विसरणारा मुलगा त्यात कुठेच बसत नव्हता. त्याच्या प्रगतिपुस्तकावर शेरा पडायचा तो ‘दुर्लक्ष करतो’ असा.

केंद्राने १९७४मध्ये अपंग मुलांसाठी एकात्मिक शिक्षणाची, म्हणजे साध्या शाळेतच इतरांबरोबर शिकण्याची, योजना आणली. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्याने सात प्रकारचं अपंगत्व मान्य केलं, पण वाचन-लेखन-गणितातली विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात नव्हती. तरीही १९९६मध्ये महाराष्ट्र शासनाने या मुलांना माध्यमिक परीक्षांत सवलती दिल्या. या अक्षमतेला मान्यता देणाऱ्या २०१६च्या कायद्याच्या वीस वर्षं आधी उचललेलं हे पाऊल मोठंच होतं. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, एका भाषेऐवजी कार्यानुभव, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीचं अंकगणित असं त्याचं स्वरूप होतं.

गोम इथेच आहे. मदत परीक्षेपासून सुरू झाली आणि वर्गातलं शिकवणं मागे राहिलं. सवलत दहावीला मिळते, म्हणून तपासणीची आठवण नववीत होते. त्यातच शिक्षण हक्क कायद्यामुळे २०१०पासून बरीच वर्षं आठवीपर्यंत कुणाला नापास करता येत नव्हतं, त्यामुळे अडचण पहिल्यांदा कागदावर यायची ती नववीच्या निकालात. तिसरीत ओळखलेल्या मुलाला वाचनाचा सराव देता येतो. नववीत हातात उरतो फक्त अध्ययन अक्षमतेचा दाखला.

नववी ते बारावीच्या अपंग विद्यार्थ्यांसाठी केंद्राची स्वतंत्र योजना २००९-१०मध्ये आली. विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,००० रुपये, मुलींना महिना २०० रुपये भत्ता आणि पाच मुलांमागे एक विशेष शिक्षक असा तिचा हिशेब होता. २०१८मध्ये हे सारं समग्र शिक्षा अभियानात विलीन झालं. विशेष शिक्षक मात्र वर्षानुवर्षं कंत्राटीच राहिले. सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये माध्यमिक स्तरावर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण मान्य केलं आणि २०२४मध्ये राज्याने शाळांच्या समूहाच्या, म्हणजे शालेय केंद्राच्या, स्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदं मंजूर केली. एका केंद्रात अनेक शाळा येतात, तेव्हा एका शाळेच्या वाट्याला किती वेळ येणार हे उघड आहे.

२०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने प्रकार सातावरून २१ केले आणि अध्ययन अक्षमता त्यात आली. लक्षणीय, म्हणजे किमान ४० टक्के, दिव्यांगत्व असेल तर ६ ते १८ वयात मोफत शिक्षण हा आता हक्क आहे. जानेवारी २०१८च्या केंद्रीय अधिसूचनेने दाखल्याचे टप्पे ठरवले: आठ वर्षांनंतर पहिला, १४व्या वर्षी पुन्हा, १८व्या वर्षीचा कायमचा. चौदावं वर्ष म्हणजे साधारण नववीच. चौथीत काढलेला दाखला फाइलला लावून निर्धास्त राहिलेल्या पालकांची गाडी नेमकी इथे अडते.

तपासणी एका फेरीत होत नाही. आधी डोळे आणि कान तपासून घ्यायचे, मग मानसशास्त्रज्ञाकडून बुद्धिमापन, त्यानंतर विशेष शिक्षकाकडून वाचन-लेखन-गणिताची चाचणी. शाळेच्या वह्या सोबत न्याव्यात. नीट उतरवून काढलेल्या नव्हे, चुका असलेल्या. मुंबईत शीव रुग्णालयासारख्या ठिकाणी यासाठी स्वतंत्र केंद्र आहे. छोट्या गावातल्या पालकाला जिल्ह्याचं ठिकाण गाठावं लागतं. दाखला हाती आला की प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. म्हणून आठवीची वार्षिक परीक्षा संपताच सुरुवात केलेली बरी.

लेखनिकाचं, म्हणजे मुलाने सांगितलेली उत्तरं लिहून देणाऱ्याचंही तसंच. तो एक इयत्ता खालचा, म्हणजे बहुधा नववीचा लागतो आणि त्याचं नाव आधी मंजूर करून घ्यावं लागतं. शिवाय सांगून लिहवून घेणं ही वेगळीच कसब आहे. विरामचिन्ह, नवा परिच्छेद, आकृतीची नावं सगळं बोलून सांगावं लागतं. सहामाहीपासून सराव नसेल तर तासाला २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला मिळणारा जादा तासही नुसता बसून जातो.

सातवीच्या अंकगणिताचा पर्याय घेताना घाई नको. दहावी सुटते, पण गणित लागणारे पुढचे अभ्यासक्रम अडतात. अंक नीट उतरवले तर रीत बरोबर येते अशा मुलाला आधी लेखनिक आणि जादा वेळ देऊन पूर्वपरीक्षा घेऊन पाहावी. सहा विषय एकदम झेपत नसतील तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, विषय सुटे सुटे देता येतात. मात्र तिथे रोजचा वर्ग नसतो, त्यामुळे घरी किंवा केंद्रात शिकवणारं कुणी असेल तरच तो रस्ता धरावा.