"अपडेट कधी येणार?" विचारणाऱ्या ग्राहकांसाठी

नवीन अँड्रॉइड किंवा आयफोनचं आयओएस, म्हणजे फोन चालवणारी प्रणाली, जाहीर झालं की पुढचे काही आठवडे आमच्याकडे दुरुस्तीच्या फोनपेक्षा या एका प्रश्नाचीच गर्दी जास्त असते. कुणी स्क्रीनशॉट घेऊन येतं, कुणी व्हिडिओत ऐकलेली तारीख सांगतं. कुणाच्या भावाच्या अगदी तशाच फोनवर अपडेट येऊन चार दिवस झालेले असतात, आणि मग "त्याला आलं, मला का नाही?" हे खरं दुखणं असतं.

तारीख आम्ही सांगत नाही. आम्हाला ती माहीत नसते, आणि जो छातीठोकपणे सांगतो त्यालाही बहुतेक वेळा माहीत नसते. पण अपडेट वाटेत कुठे अडकतं, अफवेत दम किती हे कसं ओळखायचं आणि वाट बघताना लोक फोनचं काय काय करून बसतात, हे रोजच्या कामातून आम्हाला चांगलं ठाऊक झालंय. तेवढंच या पत्रकात आहे.

जाहीर होणं वेगळं, हातात पडणं वेगळं

अँड्रॉइड १५ चंच बघा. गूगलने त्याचा मूळ कोड ३ सप्टेंबर २०२४ ला खुला केला. गूगलच्या स्वतःच्या पिक्सेल फोनवर ते आलं १५ ऑक्टोबरला. म्हणजे घरच्याच फोनला सहा आठवडे थांबावं लागलं. बाकी कंपन्यांचं काम तर मूळ कोड हातात आल्यावर पुढे सरकतं.

तो कोड आधी चिप बनवणाऱ्या कंपनीकडे, म्हणजे क्वालकॉम, मीडियाटेक वगैरेंकडे जुळवला जातो. मग फोनची कंपनी त्यावर आपला साज चढवते. सॅमसंगचं वन यूआय, शाओमीचं हायपरओएस, ओप्पोचं कलरओएस हे सगळे असे साज. त्यानंतर प्रत्येक मॉडेलची आणि प्रत्येक प्रदेशाची वेगळी फाइल बनते, तिची चाचणी होते, काही ठिकाणी मोबाइल नेटवर्क कंपनीही ती तपासते. कुठेही दोष निघाला की फाइल पुन्हा मागे. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून गूगलने 'प्रोजेक्ट ट्रेबल' नावाखाली चिपशी बांधलेला भाग आणि मुख्य प्रणाली वेगळी केली, त्यामुळे हा प्रवास बराच आखूड झाला. संपला मात्र नाही.

"मागच्या वर्षी ऑक्टोबरात आलं होतं, म्हणजे यंदाही ऑक्टोबर" हा हिशोब अँड्रॉइडला लागू पडत नाही. मूळ कोडच्याच तारखा बघा: अँड्रॉइड १२ आलं ४ ऑक्टोबर २०२१ ला, १३ आलं १५ ऑगस्ट २०२२ ला, १४ पुन्हा ४ ऑक्टोबरला (२०२३), आणि १६ तर थेट १० जून २०२५ ला. आयफोनचं गणित सोपं आहे. आयओएस १५, १६, १७ आणि १८ ही चारही सप्टेंबरातच आली, अनुक्रमे २०, १२, १८ आणि १६ तारखेला. आयफोनवाल्यांनी सप्टेंबर धरून चालावं. दिवसाचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही.

एक छोटी गल्लत इथेच मिटवतो. अँड्रॉइड १० पासून सेटिंग्जमध्ये 'गूगल प्ले सिस्टम अपडेट' अशी एक वेगळी ओळ असते. तिथे काही डाउनलोड झालं म्हणजे नवीन अँड्रॉइड आलं असं नाही. प्रणालीचे काही सुटे भाग गूगल त्या वाटेने परस्पर बदलतं, एवढंच.

त्याला आलं, मला का नाही?

कारण ते मुद्दामच सगळ्यांना एकदम देत नाहीत. गूगलमधले अभियंता डॅन मॉरिल यांनी २०१३ मध्ये ही पद्धत जाहीरपणे समजावून सांगितली होती: पहिले २४ ते ४८ तास फक्त १ टक्का फोनना अपडेट द्यायचं, कुठे काही बिघडतंय का ते बघायचं, सगळं ठीक असेल तर २५ टक्के, मग ५०, मग १००. पहिल्या १ टक्क्यात कोण येणार हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरतं; फोन महाग आहे की जुना, याचा त्यात संबंध नाही. आकडे कंपनीगणिक बदलतात, पण टप्प्याटप्प्याने देण्याची ही रीत आता अँड्रॉइडच्या जगात सगळीकडे आहे.

ही सावधगिरी उगाच नाही. २४ सप्टेंबर २०१४ ला ॲपलने आयओएस ८.०.१ दिलं आणि तासाभरातच मागे घेतलं. तेवढ्या वेळात ज्यांनी ते टाकलं त्यांच्यातल्या अनेकांच्या आयफोन ६ आणि ६ प्लसचं नेटवर्क गेलं, टच आयडीही (बोटाचा ठसा) चालेना. एप्रिल २०२५ मध्ये सॅमसंगलाही वन यूआय ७ चं वाटप मध्येच थांबवावं लागलं. काही गॅलेक्सी एस२४ फोन अनलॉकच होत नसल्याच्या तक्रारी आल्या होत्या. दुरुस्ती करून ते पुन्हा सुरू झालं. ज्यांचा नंबर अजून लागला नव्हता त्यांना थेट दुरुस्त झालेली फाइल मिळाली. आमच्याकडे अपडेटनंतर बिघडलेले म्हणून जे फोन येतात, त्यांचे मालक बहुतेक पहिल्याच आठवड्यातले हौशी असतात.

दुसरं कारण असं की भावाचा फोन तुमच्यासारखा दिसतो, पण तो तोच असेल असं नाही. एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या प्रदेशांत वेगवेगळ्या चिपवर विकला जातो. गॅलेक्सी एस२४ कुठे एक्सिनॉसवर आहे तर कुठे स्नॅपड्रॅगनवर. 'फोनबद्दल' या पानावरचा मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून बघा. एक अक्षर जरी वेगळं असलं तरी दोघांची फाइल वेगळी आणि वेळही वेगळी.

अफवेचं वजन कसं करायचं

सगळ्यात जास्त फिरतो तो सॅमसंगच्या बिल्ड नंबरचा, म्हणजे तयार झालेल्या अपडेट फाइलच्या क्रमांकाचा, स्क्रीनशॉट: "अमुक मॉडेलचं बिल्ड सर्व्हरवर दिसलं, अपडेट दारात!" तो नंबर वाचता येतो. शेवटून तिसरं अक्षर वर्षाचं: डब्ल्यू म्हणजे २०२३, एक्स म्हणजे २०२४, वाय म्हणजे २०२५. शेवटून दुसरं महिन्याचं: ए जानेवारी, बी फेब्रुवारी, असं एलपर्यंत, म्हणजे डिसेंबर. अगदी शेवटचं अक्षर किंवा आकडा त्या महिन्यातल्या आवृत्तीचा. 'एक्स-के-एफ' असा शेवट दिसला की ते बिल्ड नोव्हेंबर २०२४ चं आहे, एवढं नक्की. पण ते बिल्ड बनल्याचा महिना कळला, वाटण्याचा नव्हे. चाचणीसाठी अशी कितीतरी बिल्ड बनतात आणि ग्राहकापर्यंत न येताच बाद होतात. अशा स्क्रीनशॉटचा अर्थ "काम सुरू आहे" इतकाच घ्यावा. तोही काही वाईट नाही, निदान तुमचं मॉडेल यादीतून गळलेलं नाही हे कळतं.

बीटा, म्हणजे चाचणी आवृत्ती, सुरू झाली म्हणजे पक्कं अपडेट येणारच, हाही समज बरोबर नाही. २०१६ मध्ये सोनी एक्सपिरिया झेड३ वर अँड्रॉइड नूगाची (अँड्रॉइड ७) चाचणी आवृत्ती चालत होती. लोक खुशीत होते. अंतिम नूगा त्या फोनला मिळालंच नाही.

कंपनीच्या चॅटवर बसलेल्या कर्मचाऱ्याने तारीख दिली तर तिच्यावर फार विसंबू नका. त्याच्यासमोर बहुतेक वेळा ठरावीक उत्तरांचीच यादी असते. कंपनीने स्वतः प्रसिद्ध केलेलं मॉडेलवार वेळापत्रक हाच त्यातल्या त्यात भरवशाचा कागद. त्यावरही 'बदल होऊ शकतो' असं लिहिलेलं असतं, आणि बदल होतो.

वाट बघताना हे करू नका

'गूगल सर्व्हिसेस फ्रेमवर्क' या फोनमधल्या गूगलच्या अंतर्गत ॲपचा डेटा क्लिअर केला की अपडेट लगेच येतं, ही युक्ती फार जुनी आहे आणि अजून मरत नाही. यात होतं असं: त्या डेटात तुमच्या फोनची गूगलकडची ओळख असते. डेटा पुसला की फोन गूगलच्या सर्व्हरला नवाच वाटतो. जुन्या ओळखीवर नोटिफिकेशन पाठवणारी ॲप मग मुकी होतात; मेसेज येतो, पण ॲप उघडेपर्यंत कळत नाही. काही ॲप आपोआप सावरतात, काही पुन्हा लॉगिन केल्याशिवाय सावरत नाहीत. मॉरिल यांनी २०१३ मध्येच हे करू नका असं निक्षून सांगितलं होतं.

'अपडेट तपासा' हे बटण दाबायला हरकत नाही. आयफोनवर तर दाबाच, कारण तिथे नवीन आवृत्ती हाताने लगेच घेता येते आणि 'आपोआप अपडेट'च्या भरवशावर राहिलं तर ती काही आठवडे उशिरानेही येऊ शकते. अँड्रॉइडवर दिवसातून एकदा दाबलं तरी पुरे. तासातासाला दाबून रांगेत पुढे जाता येत नाही.

दुसऱ्या प्रदेशाची फाइल उतरवून फ्लॅश करणं, म्हणजे ती संगणकावरून फोनमध्ये जबरदस्तीने बसवणं, ओळखीच्या कुणाकडून करून घेणं, हे टाळाच. नेटवर्क जाणं, बँकेचं ॲप न उघडणं, फोन सुरूच न होणं यातलं काहीही होऊ शकतं. मागे फिरण्याची वाटही नेहमी मोकळी नसते. ऑगस्ट २०२२ मध्ये पिक्सेल ६, ६ प्रो आणि ६ए वर अँड्रॉइड १३ टाकल्यावर परत १२ वर जाणं गूगलने सुरक्षेच्या कारणाने बंद केलं होतं. ॲपलही नवीन आयओएस आल्यावर थोड्याच दिवसांत जुन्याला मान्यता देणं थांबवतं. बीटातून बाहेर पडायचं तर बहुतेक वेळा फोन पूर्ण पुसावा लागतो, हे बीटा घेण्याआधीच लक्षात घ्या.

आणि मेसेजमधून आलेली 'सिस्टम अपडेट' नावाची एपीके (ॲप बसवणारी) फाइल हे अपडेट नसतं. फोनचं अपडेट सेटिंग्जमध्ये येतं. लिंक, जाहिरात किंवा मेसेजमधून नाही. अशी फाइल टाकून झाली असेल तर फोन विमान मोडवर टाका, बँकेचा पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला आणि मग आमच्याकडे आणा.

आवृत्तीच्या आकड्यापेक्षा ही तारीख बघा

सेटिंग्जमध्ये 'अँड्रॉइड सुरक्षा अपडेट' असं लिहिलेलं असतं आणि त्यापुढे तारीख असते. ऑगस्ट २०१५ पासून गूगल दर महिन्याला सुरक्षेतल्या त्रुटींची यादी काढतं. त्या महिन्याची १ तारीख दिसली तर मुख्य प्रणालीतली छिद्रं बुजलेली असतात. ५ तारीख दिसली तर त्याबरोबर चिप आणि कर्नल (प्रणालीचा गाभा) यांच्याशी संबंधित दुरुस्त्याही आलेल्या असतात. आमच्या मते अँड्रॉइड १४ चं १५ कधी होणार यापेक्षा हीच तारीख महत्त्वाची. १४ वर असलेला पण चालू महिन्याचा पॅच (सुरक्षेची दुरुस्ती) असलेला फोन बँकेच्या व्यवहारांना बरा. १५ वर असून वर्षभर पॅच न आलेला फोन नाही.

तुमच्या मॉडेलची मुदत किती उरली हेही बघून ठेवा. पिक्सेल ८ (ऑक्टोबर २०२३) आणि गॅलेक्सी एस२४ (जानेवारी २०२४) यांना सात वर्षांच्या अपडेटचं आश्वासन आहे. बऱ्याच स्वस्त मॉडेलना त्याहून खूप कमी. ही वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. दोन वर्षं जुनं मॉडेल सवलतीत घेतलं तर ती दोन वर्षं आधीच वजा झालेली असतात. मुदत संपली असेल तर कुणी कितीही तारखा देवोत, अपडेट येणार नाही.

आल्यावर

बॅकअप घ्या, काही जीबी जागा मोकळी करा, बॅटरी निम्म्याच्या वर असू द्या, वायफायवर डाउनलोड करा. हे सगळे सांगतात. आम्ही त्यात एकाची भर घालतो: पिन आठवतोय का ते आधी बघा. अपडेटनंतर फोन पुन्हा सुरू होताना पहिल्यांदा बोटाचा ठसा किंवा चेहरा चालत नाही, पिन किंवा पॅटर्नच लागतो. महिनोन्महिने फक्त ठशावर उघडणारे लोक नेमके इथे अडकतात. पिन खरंच आठवला नाही तर फोन पुसण्यावाचून मार्ग उरत नाही, आणि तो पुसल्यावर आतले फोटो आम्हालाही परत आणता येत नाहीत.

पहिले एक-दोन दिवस फोन तापला किंवा बॅटरी लवकर उतरली तर घाबरू नका. प्रणाली मागे बसून ॲप नव्याने बांधत असते, फोटोंची सूची बनवत असते. आठवड्यानंतरही तसंच राहिलं तर मात्र दाखवायला आणा. ज्यांचं कामच फोनवर चालतं त्यांनी मोठं अपडेट आल्या दिवशी न टाकता पहिली छोटी दुरुस्ती येईपर्यंत थांबलेलं बरं. सुरक्षा पॅचला मात्र थांबू नका.

आम्ही कंपनीकडून बाहेर फुटलेल्या (लीक झालेल्या) फाइल फोनमध्ये टाकून देत नाही आणि प्रदेश बदलून देत नाही, कृपया आग्रह करू नये. अपडेट अर्ध्यात अडकलं, फोन लोगोवरच थांबला किंवा जागा पुरत नाही असं दाखवत असेल तर ते काम आमचं. येताना मॉडेल नंबर, बिल्ड नंबर आणि सुरक्षा पॅचची तारीख लिहून आणा; फोन चालू असेल तर 'फोनबद्दल' पानाचा स्क्रीनशॉट आधी पाठवला तरी चालेल.