सरपटणाऱ्या पाळीव प्राण्यांचे बचाव व पुनर्वसन केंद्र (कोकण)

हौसेने घरात आणलेले आणि पुढे नकोसे झालेले, जप्त झालेले किंवा एखाद्या तळीत, विहिरीत सापडलेले परदेशी सरपटणारे प्राणी ताब्यात घेणारे केंद्र. तेथे त्यांच्यावर उपचार होतात, शक्य असल्यास त्यांना योग्य घर मिळवून दिले जाते आणि घर मिळाले नाही तर ते कायमचे सांभाळले जातात. सर्पमित्रांचे काम वेगळे. ते घरात शिरलेला नाग किंवा घोणस पकडून वनखात्याच्या देखरेखीखाली पुन्हा निसर्गात सोडतात. या केंद्रातून मात्र एकही प्राणी निसर्गात सोडला जात नाही. कोकणात हे फार काटेकोरपणे पाळावे लागते, कारण थंड देशांत हिवाळ्याने मरणारे प्राणी इथल्या उबदार, ओल्या हवेत तग धरतात.

केंद्राकडे येणाऱ्यांत लाल कानाचे कासव, म्हणजे रेड इअर्ड स्लायडर, सर्वाधिक असते. मूळ अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले हे कासव दुकानात जेमतेम ३ सेंमी पाठीचे असते. नीट सांभाळले तर मादी २५ ते ३० सेंमीपर्यंत वाढते आणि ३० वर्षेही जगते. काचेच्या पेटीत ते मावेनासे झाले की गावी जाताना चाकरमानी देवळाच्या तळीत सोडून देतात. त्यांना ते पुण्याचे काम वाटते. प्रत्यक्षात हे कासव जगातील सर्वांत घातक १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे आणि स्थानिक कासवांचे अन्न व उन्हे खाण्याच्या जागा बळकावते. त्याखालोखाल हिरवा इगुआना आणि बिअर्डेड ड्रॅगन हे सरडे, बॉल पायथन हा अजगराच्या जातीचा साप आणि आफ्रिकेतील सुलकाटा कासव येतात.

कायदा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील ‘साइटीस’ करारातील परदेशी प्रजाती त्यामुळे चौथ्या अनुसूचीत आल्या. हिरवा इगुआना, बॉल पायथन आणि सुलकाटा त्यात मोडतात. असा जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने २०२४ च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी करायची असते. हस्तांतर, जन्म आणि मृत्यू हेही कळवायचे असतात. केंद्र ही प्राणिसंग्रहालयाच्या व्याख्येत येणारी संस्था असल्याने केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. चांगल्या हेतूने परसात चार पेट्या मांडून हे काम सुरू करता येत नाही.

तारा कासव, घोरपड, अजगर किंवा इथले कोणतेही गोड्या पाण्यातले कासव कोणी आणून दिले तर ते दत्तक देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना किंवा १९२६ या हेल्पलाइनला त्याच दिवशी कळवून पंचनाम्यासह प्राणी सोपवावा. तोवर त्याला परदेशी प्राण्यांपासून वेगळ्या खोलीत ठेवावे. तारा कासव भारतीय असले तरी कोकणातले नाही. गुजरात-राजस्थान आणि दक्षिणेतील कोरड्या माळरानांवरचा हा प्राणी इथल्या पावसात सोडला तर श्वसनरोगाने मरतो.

जागा आणि इमारत

जागा निवडताना आधी पुराची रेघ पाहावी. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या घराघरांत शिरले. अशा पाण्यात केंद्र सापडले तर बुडणारे प्राणी मरतात आणि पोहणारे नदीत जातात. जांभ्याचे चिरे भिंतीला उत्तम, पण त्यांच्या भोकांत मुंग्या आणि गोचिडी दडतात, म्हणून आतून सिमेंटचा गिलावा करून किमान सव्वा मीटरपर्यंत धुता येईल असा रंग द्यावा. कौलांखाली ६ मिमीची जाळी ताणावी, नाहीतर उंदरांमागे धामण आत उतरते. साधी जस्त चढवलेली (जी.आय.) जाळी खाऱ्या हवेत एक-दोन पावसाळ्यांत गंजून तुटते. स्टेनलेस स्टीलची घ्यावी.

मुंग्यांकडे नव्या लोकांचे दुर्लक्ष होते. आजारी, हालचाल मंदावलेल्या सरड्याला लाल मुंग्या एका रात्रीत डोळ्यांपासून कुरतडतात. पेटीच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात, वाट्या रोज धुवाव्यात आणि पेटी भिंतीला टेकू देऊ नये. एक वायर भिंतीला लागलेली असली तरी मुंग्यांना तेवढा पूल पुरतो.

आगमन आणि विलगीकरण

प्राणी आला की वजन, पाठीची सरळ लांबी आणि फोटो घ्यावेत. कासवाच्या पोटाकडच्या कवचावरील नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, त्यामुळे तिचा फोटो ओळखपत्राचे काम करतो. क्रम नेहमी एकच: आधी ऊब, मग पाणी, शेवटी अन्न. थंड पडलेल्या प्राण्याला लगेच भरवले तर अन्न पोटात कुजते. जमिनीवरच्या कासवाला २८ ते ३० अंशांच्या, हनुवटीखाली राहील इतक्या पाण्यात २० मिनिटे बसवावे. साप आल्यावर आठवडाभर खायला घालू नये.

विलगीकरण ९० दिवसांचे असावे. खोली, चिमटे, भांडी आणि झाडू वेगळे, आणि तिथले काम दिवसाच्या शेवटी. सापाच्या पेटीत पांढरा कागद अंथरावा. पाण्याच्या वाटीत मिरपुडीसारखे काळे ठिपके तळाला बसलेले दिसले तर त्या सापाच्या बारीक गोचिडी (माइट) आहेत. विष्ठेची तपासणी दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा करावी, कारण क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी प्रत्येक वेळी विष्ठेत उतरत नाहीत. ब्लीचने हा परजीवी मरतही नाही. बाधित प्राण्याची लाकडी सामग्री जाळून टाकावी.

आयव्हरमेक्टिन हे गुरांसाठी सर्रास मिळणारे जंताचे औषध कासवांना जीवघेणे आहे. सापाला किंवा सरड्याला ते पशुवैद्य देतात म्हणून कासवालाही टोचले गेल्याने कासवे मरतात. कासवांच्या खोलीच्या दारावर ही सूचना मोठ्या अक्षरांत लावावी.

पावसाळा, दिवे आणि वीज

जून ते सप्टेंबर हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर राहते. इगुआनाला ती मानवते. बॉल पायथनला ५५ ते ६५ टक्के हवी. ओल्या पेटीत त्याच्या पोटाखालच्या खवल्यांवर तपकिरी डाग आणि फोड उठतात. सर्वांत हाल बिअर्डेड ड्रॅगनचे. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातल्या या सरड्याला ३० ते ४० टक्के आर्द्रता आणि ४० अंशांच्या आसपास शेकण्याची जागा लागते. त्याच्यासाठी डिह्युमिडिफायर (हवेतील ओल काढणारे यंत्र) असलेली बंद खोली नसेल तर केंद्राने त्याला घेऊ नये.

दिवसा फिरणाऱ्या सरड्यांना आणि कासवांना यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा लागतो. काचेतून ते किरण जात नाहीत, म्हणून खिडकीतले ऊन उपयोगाचे नाही. दिवा पेटत राहिला तरी सहा महिने ते वर्षभरात त्यातील यूव्हीबी संपते. बदलल्याची तारीख त्यावरच लिहावी. खाऱ्या हवेने तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटचे संपर्क गंजून चिकटतात, हीटर बंदच होत नाही आणि प्राणी भाजतो. दर आठवड्याला वेगळ्या थर्मामीटरने पडताळणी केली की हे आधी कळते.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. वीज गेल्यावर कासवाचा फिल्टर बंद पडला म्हणून घाबरू नये, ते हवेतून श्वास घेते. भरवणे मात्र थांबवावे, कारण उष्णतेशिवाय पचन होत नाही. फ्रीझरमधील उंदीर एकदा वितळले की पुन्हा गोठवू नयेत, फेकून द्यावेत.

आहार

सुकट आणि भातावर वाढवलेली कासवे सुजलेल्या, मिटलेल्या डोळ्यांनी येतात. हे अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचे लक्षण आहे. मऊ, वाकडे कवच कॅल्शियम आणि यूव्हीबीच्या अभावाने होते. झालेला वाकडेपणा जात नाही, फक्त पुढचा थांबतो. पाला खाणाऱ्यांसाठी शेवग्याची, जास्वंदीची आणि तुतीची पाने कोकणात बारमाही मिळतात. पालक, माठ आणि अळू यांतील ऑक्झॅलेट कॅल्शियम अडकवून ठेवते, त्यामुळे ती रोजची भाजी नव्हे. बॉल पायथनला वितळवून कोमट केलेला उंदीर चिमट्याने द्यावा. उंदराची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाएवढी असावी.

स्लायडरचे तळे

एका मोठ्या कासवामागे सुमारे ६०० लिटर पाणी धरले तर ४ × ३ मीटरच्या आणि ६० सेंमी खोल तळ्यात १२ कासवे मावतात. तेरावे घेऊ नये. गर्दीत ती एकमेकांचे पाय आणि शेपट्या चावतात. कठडा पाण्याच्या वर ६० सेंमी, आतून गुळगुळीत आणि वरच्या कडेला १५ सेंमी आत झुकलेला असावा. एका दिवसात २०० मिमी पाऊस झाला तर थेट पडणाऱ्या पाण्यानेच पातळी २० सेंमी चढते. त्यात सांडव्याच्या तोंडावर फणसाचे एक पान बसले की पाणी तुंबत राहते आणि असाच पाऊस टिकला तर कासवे कठड्यावरून बाहेर चालती होतात. म्हणून सांडवे दोन ठेवावेत आणि प्रत्येकाच्या तोंडावर उभी जाळीची टोपली बसवावी. सांडपाणी शोषखड्ड्यात जावे, पऱ्यात किंवा भातखाचरात नव्हे.

नर आणि माद्या वेगळ्या ठेवाव्यात. नराची पुढची नखे लांब आणि शेपूट जाड असते. एवढ्याने भागत नाही: मादी आधीच्या संगाचे शुक्रजंतू साठवून ठेवते आणि एकटी असतानाही फलित अंडी घालू शकते. तळ्याकाठी ३० सेंमी खोल ओलसर वाळूमातीचा हौद दिला नाही तर अंडी पोटातच अडकून मादी दगावते. दिला तर रोज उकरून पाहावे लागते, कारण कोकणातील जमिनीची ऊब अंडी उबवायला पुरेशी आहे. सापडलेली अंडी त्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाकून नष्ट करावीत.

साल्मोनेला हा जुलाब-तापाचा जीवाणू निरोगी कासवाच्या अंगावरही असतो. लहान मुलांना होणाऱ्या याच संसर्गामुळे अमेरिकेत १९७५ पासून सुमारे १० सेंमीपेक्षा लहान कासवे विकण्यावर बंदी आहे. केंद्राची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत कधीही धुऊ नयेत.

घर देणे

विलगीकरण संपलेला, स्वतःहून खाणारा आणि वजन टिकवून असलेला प्राणीच दिला जातो. अर्जदाराच्या घरी जाऊन पेटी, दिवे आणि इन्व्हर्टर लागलेले पाहावे. ‘प्राणी आल्यावर घेऊ’ हे उत्तर चालत नाही. गणपतीला आणि शिमग्याला घर बंद असताना कोण बघणार, त्या माणसाला भेटल्याशिवाय होकार देऊ नये. इगुआना मोकळ्या आगरात ठेवण्यासाठी कधीच देऊ नये. तो पोफळीवर चढला की परत येत नाही, आणि फ्लोरिडा, प्वेर्तो रिको, तैवान येथे सुटलेल्या इगुआनांनी वस्ती केलेली आहे. लेखी करारात पैदास, विक्री आणि सोडून देणे यांना मनाई असावी, आणि नको झाल्यास प्राणी केंद्रालाच परत करण्याची अट असावी. परत आलेल्या प्राण्याचे ९० दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावेत.

स्लायडरला घर क्वचितच मिळते. त्यामुळे केंद्राची क्षमता ठरवताना ही कासवे कायमची धरून चालावे आणि जागा भरली की प्रतीक्षायादी ठेवावी. ताटकळणाऱ्या मालकाला तोवर घरीच नीट कसे सांभाळायचे ते शिकवणे हेही केंद्राचे काम आहे, कारण नुसता नकार ऐकून गेलेला माणूस वाटेतल्या पुलावर थांबतो. सुलकाटा ७० वर्षांहून अधिक जगू शकते, म्हणजे चालकाच्या नंतरही. केंद्र बंद पडले तर कोणता प्राणी कोणत्या मान्यताप्राप्त संस्थेकडे जाईल, याचा लेखी करार पहिला प्राणी घेण्याआधीच झालेला असावा आणि त्याची प्रत वनविभागाकडे द्यावी.