प्रेताखालच्या मातीत गवत लगेच फोफावते का?

‘जिथे मृतदेह कुजतो, तिथले गवत लगेच हिरवेगार होते, म्हणून जागा ओळखता येते’ हा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यात निम्मे तथ्य आहे. चूक आहे ती ‘लगेच’ या शब्दात.

70 किलोच्या माणसाच्या शरीरात साधारण 2 किलो नायट्रोजन असतो. देह कुजू लागला की त्यातून झिरपणारा द्रव अमोनियम, पोटॅशियमसारखे क्षार आणि ब्युटिरिक आम्लासारखी उग्र वासाची मेदाम्ले थोड्याशा जागेत ओततो. हा मारा मुळांना सोसत नाही. म्हणून आधी गवत जळते आणि काळपट, तेलकट डाग उरतो. पुढे जिवाणू अमोनियमचे नायट्रेट करतात, पाऊस क्षार पांगवतो, आणि मग, बहुधा काही महिन्यांनी, डागाच्या कडेने गवत जोमाने उठते. युरियाचा ढीग पडलेल्या जागी पीक करपते हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. गाईने मूत्र टाकलेली जागा कुरणात पाहावी: मधे पिवळे, भोवती गर्द हिरवे कडे.

अर्थात नुसती हिरवळ हा पुरावा नव्हे, कारण शेणखत किंवा मुरलेले पाणीही तेच करते. म्हणून तपासनीस डागाखालची आणि काही अंतरावरची त्याच जातीची माती असे दोन्ही नमुने घेऊन त्यांची विद्युतवाहकता (क्षार जास्त तितकी ती जास्त) ताडून पाहतात आणि निनहायड्रिन हे रसायन वापरतात, जे अमिनो आम्ले व अमोनियम असल्यास जांभळे होते. शेजारच्या नमुन्याशिवाय पहिल्या नमुन्याच्या आकड्यांना फारसा अर्थ नसतो.